सिद्धोधनच्या फोटोला हार

माझा भाऊ सिद्धोधन जिवंत आहे की मेला, हे आम्हाला माहीत नाही. हे वाक्य मी शाळेत, बँकेत, लग्नकार्यात इतक्या वेळा बोलले आहे की ऐकणाऱ्याचं तोंड कसं होणार हेही मला आधीच कळतं. लोकांना एक काहीतरी हवं असतं. मेला म्हणा, हळहळतील. सापडला म्हणा, पेढे मागतील. माहीत नाही म्हटलं की घड्याळ बघतात आणि म्हणतात, चला, उशीर व्हायलाय.

तो पिंगळीहून पॅसेंजरनं पूर्णेला गेला, सोबत आमच्याच गल्लीतला दत्ता. पूर्णेला गाडी बदलून दोघं हैदराबादला जाणार होते. एका कंपनीत सिक्युरिटीचं काम लागलं होतं. गाडी फलाटाला लागली तेव्हा दत्ता दोघांच्या बॅगा घेऊन चढला, आणि सिद्धोधन म्हणाला, तू जागा धर, मी बाटली भरून आलो. गाडी सुटली. दत्ताला वाटलं, मागच्या डब्यात चढला असेल. नांदेडला उतरून त्यानं सगळे डबे पालथे घातले आणि दोन बॅगा घेऊन माघारी आला. पूर्णा जंक्शन आहे. तिथून माणूस नांदेडकडं जाऊ शकतो, अकोल्याकडं जाऊ शकतो, परत परभणीकडंही येऊ शकतो. रुळावर काही सापडलं नाही, दवाखान्यात कुणी सापडलं नाही. रेल्वे पोलिसांनी हरवल्याची तक्रार घेतली आणि नंतर आम्हालाच विचारायला लागले, घरात काही भांडण झालं होतं का?

भांडण झालं नव्हतं. आई तर भांडणाऱ्यातली नाहीच. कुसुमबाई म्हणजे बोलेल कमी आणि ठरवील पक्कं. तो गेल्यावर तिनं एकच गोष्ट ठरवली, की तो जिता आहे. कशावरून, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "मेल्याचं कुणी सांगितलं का? न्हाई ना. मग जिता हाय."

आमच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीखाली दोन फोटो आहेत. एक आमच्या बाबांचा, रेल्वेतल्या पंडित गँगमनचा. ते वारले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांच्या फोटोला हार असतो. शेजारी सिद्धोधनचा फोटो, बारावीच्या वेळी काढलेला, निळा शर्ट, भांग पाडलेला. त्याला हार नाही. एवढाच काय तो फरक, पण आमच्या घरात कोण मेलंय आणि कोण नाही हे परक्या माणसालाही त्यावरून कळतं. बाबांच्या एका पुण्यस्मरणाला दगडाबाई आत्यानं झेंडूचे दोन हार आणले. एक बाबांना घातला आणि दुसरा घेऊन सिद्धोधनकडं वळली. वाईट मनात काही नव्हतं तिच्या, भाच्यावर जीव होता. आईनं तो हार तिच्या हातातून काढून घेतला आणि बाहेर शेळीपुढं टाकला.

"जित्या माणसाच्या फोटोला हार घालायलीस? तुझ्या पोराच्या घाल."

सगळ्या पाव्हण्यांसमोर. आत्या वर्षभर आमच्याकडं आली नाही. पण त्या दिवसापासून गावात कुणी सिद्धोधनला मेलेला म्हटलं नाही. निदान आमच्या तोंडावर नाही.

आता धम्मानंदबद्दल. धम्मानंद आमच्या गल्लीतला, सिद्धोधनच्या वर्गातला. दोघांनी एकाच सायकलवर शाळा केली. पुढं हा नाटकाचं शिकायला संभाजीनगरला गेला आणि परत येऊन परभणीत लग्नाचं शूटिंग करायला लागला. हुशार होता, हे मी आजही नाकारत नाही. एक दिवस तो घरी आला, चहा प्यायला, बराच वेळ बशीशी खेळत बसला आणि म्हणाला, "आक्का, एक छोटी फिल्म करायचीय. पोरगं हरवलेली माय. मावशीच पायजे."

माझं टाळकं सरकलं. मी म्हटलं, "आमच्या घरच्या दुखण्याचा तमाशा करायलास?"

आईनं मला गप्प केलं. तिनं त्याला एकच प्रश्न विचारला. "लय लोक बघतील का रे?"

"बघतील की मावशी. पुण्या-मुंबईला दाखवणार हाय."

"मग त्याचा फोटो दाखव त्यात. नीट दाखव, जवळून. कुणीतरी वळखंल."

म्हणजे आई कलाबिला करायला तयार झाली नव्हती. तिच्या लेखी ती हरवल्याची जाहिरात होती, वर्तमानपत्रातल्यापेक्षा मोठी. फोटो तिनं स्वतः भिंतीवरून काढून, पदरानं पुसून त्याच्या हातात दिला. म्हणाली, काम झालं की जसाच्या तसा आणून दे. त्यानं आणूनही दिला. त्या बाबतीत त्यानं शब्द पाळला.

शूटिंग आमच्याच घरी झालं. आईला काही शिकवायला लागलं नाही. ती भाकरी थापायची, शेळीला पाला टाकायची, दारात बसून तुरी निवडायची, आणि धम्मानंद तिच्याभोवती मांजरासारखा गपगुमान फिरायचा. फिल्ममध्ये फार काही घडत नाही. पोरगं गाडीनं गेलेलं असतं. माय वाट बघते. शेवटी दुपारची वेळ, ती उंबऱ्याजवळ बसून तुरी निवडतेय, आणि सुपावर एक सावली पडते. माणसाची. आई मान वर करते. आपल्याला दिसतो तो तिचा चेहरा. कोण आलंय ते दिसत नाही. तिचे ओठ काहीतरी बोलायला उघडतात आणि फिल्म संपते.

पहिल्यांदा ती परभणीत एका कॉलेजच्या हॉलमध्ये दाखवली. माणसं फार नव्हती. पण संपल्यावर जो गोंधळ उडाला तो मी विसरणार नाही. एक प्राध्यापक म्हणाले, पोरगा परत आला, बाईच्या डोळ्यांत ओळख दिसते. मागून एक पोरगी उठली, म्हणाली, नाही सर, पोलीस आलेत, ओळख नाही ती, भीती आहे. कुणी म्हणालं पोस्टमन. येडबा नावाचा शेळ्या विकणारा एक म्हातारा गारव्याला म्हणून हॉलमध्ये येऊन बसला होता. तो म्हणाला, "कुणीबी आलं न्हाई. ढग आला आसंल. माणूस लय वाट बघायला लागलं की ढगाचाबी माणूस व्हतो." मग सगळा हॉल पुन्हा भांडायला लागला.

धम्मानंदला विचारलं, कोण आलंय? तो म्हणाला, "मलाबी माहीत न्हाई. मावशीला विचारा."

आई उभी राहिली, पदर सारखा केला. "कुणीबी आसंल. उठून बघावं लागंल की."

मला त्या दिवशी धम्मानंदचा अभिमान वाटला. खरं सांगते, खूप वाटला. त्या हॉलमध्ये कुणी घड्याळ बघत नव्हतं. आमचं 'माहीत नाही' लोकांनी पहिल्यांदा आपलं करून घेतलं होतं, घरी घेऊन गेले होते. मी पोरांना शिकवते, त्यामुळं मला याची किंमत कळते. प्रत्येक गोष्टीखाली तात्पर्य लिहायची जी खोड आपण पोरांना लावतो, तिनं गोष्ट मरते. तात्पर्य लिहिलं की वही मिटायची. आणि इथं तर वही मिटली की माझा भाऊ मिटणार होता.

त्यानंतर फोन यायला लागले. फिल्म इकडंतिकडं दाखवली जात होती, लोक एकमेकांना सांगत होते. सेलूहून कुणी म्हणालं, असा एक जण इथल्या जिनिंगवर आहे. मानवतहून फोन आला, जिंतूरहून आला. प्रत्येक वेळी आई पिशवी घेऊन तयार. मी शाळेतून सुट्टी काढायची आणि दोघींनी बसनं जायचं. कुठंच तो नव्हता. जिंतूरला तर चांगला पन्नाशीचा माणूस निघाला, तोही ओशाळला बिचारा. पण परत येताना आई बसमध्ये भज्यांचा पुडा सोडायची आणि म्हणायची, "ह्यो न्हाई निघाला. म्हंजे अजून कुठंतरी हाय." इतकी भूक तिला एरवी लागत नसे.

या फिल्मला पैसा लावला होता रामकिशनशेठनं. परभणीत त्यांचं मंगल कार्यालय आहे, धम्मानंद तिथंच लग्नं शूट करायचा. माणूस वाईट नाही. पण लग्नाच्या धंद्यातला माणूस, त्याला सगळं वरात ते पाठवणी असं पूर्ण लागतं. पहिल्या दिवसापासून त्यांचं एकच टुमणं. "आरं, शेवट कुठं हाय? पंगत बसवली, वाढलं, आन् भात यायच्या आत पत्रावळ्या उचलल्या तू." पुढं कुठल्याशा स्पर्धेत एका मोठ्या परीक्षकानं धम्मानंदला बाजूला घेऊन सांगितलं, की काम उत्तम आहे पण अपूर्ण वाटतं, प्रेक्षकाला काही संदेश द्या. हे मला नंतर कळलं. तेव्हा धम्मानंद फोनवर एवढंच म्हणाला, "आक्का, शेवट जरा टाईट केलाय."

"टाईट म्हणजे?"

"बघशीलच की."

मी शाळेच्या निकालाच्या कामात होते. पुढच्या स्पर्धेत फिल्मला पहिलं बक्षीस मिळालं आणि सगळं गाव खूश झालं. आमच्याकडं जयंती चौदा एप्रिलला संपत नाही. गावोगाव महिना-महिना चालते. आमच्या गावची मे महिन्यात होती. संध्याकाळी गायन पार्टी ठरली होती, म्हणून फिल्म दुपारी समाजमंदिरात दाखवायचं ठरलं. खिडक्यांना मंडपवाल्याचे पडदे लावून अंधार केला. दोन कूलर आणले, पण ते फक्त पुढच्या रांगेला वारा घालत होते. पुढं रामकिशनशेठ, सरपंच, धम्मानंद, आणि मधल्या खुर्चीत आई. मी मागं बायकांत बसले होते.

फिल्म सुरू झाली. आपल्याच गल्लीतलं घर पडद्यावर बघून बायका हसायला लागल्या. ते बघ कुसुमबाईचं सूप, ती बघ शेळी. मग हळूहळू गप्प झाल्या. शेवटची दुपार आली. सुपावर सावली पडली. आईनं मान वर केली. तिचे ओठ उघडले.

आणि फिल्म संपली नाही.

सावलीचा पोलीस झाला. खाकी पँट, हातात टोपी. तो टोपी छातीशी धरून मान खाली घालतो. बासरी सुरू झाली, लग्नाच्या पाठवणीला लावतात तसली. मग भिंत आली. भिंतीवर सिद्धोधनचा फोटो, निळा शर्ट, भांग पाडलेला. फोटोला पांढऱ्या फुलांचा हार. खाली मेणबत्ती. कॅमेरा त्या फोटोजवळ जात राहिला, अगदी जवळ, आईनं सांगितलं होतं तसा. आणि पडद्यावर अक्षरं उमटली, 'बेरोजगारीनं गिळलेल्या प्रत्येक तरुणाला समर्पित.'

ती भिंत आमची नव्हती. आमची भिंत निळी आहे आणि ती पिवळसर होती, पोपडे आलेली. मला ते लगेच दिसलं. पण कुणाला सांगू? टाळ्या सुरू झाल्या होत्या. रामकिशनशेठ रुमालानं डोळे पुसत होते. माझ्या शेजारची बाई नाक ओढत म्हणाली, "आता कळलं बाई. आता मनाला लागलं." दुसरीनं हुं म्हटलं आणि विचारलं, जेवायला इथंच बसायचं का शाळेत? कॉलेजच्या हॉलमधली माणसं फिल्म संपल्यावर भांडत होती. ही माणसं फिल्म संपल्यावर ताटं शोधायला लागली. कुणाला काही विचारायचं राहिलंच नव्हतं.

पडदे सरकवले, उजेड आला. धम्मानंदच्या खांद्यावर शाल टाकली होती आणि कुणीतरी माईक सुरू करून हॅलो हॅलो करत होतं. आई खुर्चीतून उठली. सगळ्यांना वाटलं, त्याला आशीर्वाद द्यायला निघाली. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि अगदी हळू, पण माईक जवळ असल्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं,

"कुठं सापडला रे तुला?"

धम्मानंदला कळलंच नाही. "कोण, मावशी?"

"सिद्धोधन."

"मावशी, फिल्म हाय ती."

"फिल्म हाय ते मला कळतंय. मी काय येडी न्हाई. फोटो त्याचा हाय. हार कामून घातलास?"

रामकिशनशेठ मध्ये पडले. "माय, ते कलेत तसं दाखवावं लागतंय. पब्लिकला समजावं म्हणून."

आईनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "तू आमच्या गल्लीतलं लेकरू. त्याच्यासंगं एका ताटात जेवलेलं. जित्या माणसाच्या फोटोला हार घालत न्हाईत हे तुला शिकवायचं हाय का? तू घातलास, म्हंजे तुला ठावं हाय. तू पुण्या-मुंबईला फिरायलास, तुला कुणीतरी सांगितलं आसंल. मला तोंडानं सांगवंना म्हणून तू असं सांगितलंस." तिनं त्याचा हात धरला. "सांग बाबा. मी रडत न्हाई. कुठं सापडला? माती कुणी दिली?"

हीच ती वेळ होती. त्यानं ओरडून सांगायला हवं होतं की मला काही माहीत नाही, मी बक्षिसासाठी हार घातला. एवढंच. त्याला लाज वाटली असती, शेठना वाईट वाटलं असतं, कार्यक्रम विस्कटला असता. पण धम्मानंदनं शेठकडं बघितलं, सरपंचाकडं बघितलं, खांद्यावरची शाल सावरली आणि खाली मान घातली. पडद्यावरच्या पोलिसानं घातली होती तशीच. आईला उत्तर मिळालं.

तिनं त्याचा हात सोडला. "बरं," म्हणाली. आणि चपला घालून घरी निघाली. मी मागं पळाले. वाटेत मी तिला सांगत होते, ती भिंत आपली नाही, ते खोटं आहे, त्याला काही माहीत नाही. ती फक्त म्हणाली, "तू गप बस, सुके. आता मला कळलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी धम्मानंद आला. डोळे सुजलेले. त्यानं आईच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. हार परभणीच्या फूलबाजारातून आणला, फोटोची प्रत पहिल्या शूटिंगच्या वेळीच काढून ठेवली होती, ती भाड्याच्या खोलीतल्या भिंतीवर टांगली, पोलीस म्हणजे त्याचा मावसभाऊ. सिद्धोधनबद्दल त्याला काडीची माहिती नाही. शपथ घेतली. रडला.

आईनं सगळं ऐकून घेतलं. त्याला चहा करून दिला. मग त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "माझ्यासाठी आता उगं खोटं बोलू नको लेकरा. काल सांगितलंस ते बरं केलंस."

मी आयुष्यात असं काही बघितलं नव्हतं. खोटं बोलला तेव्हा त्याच्यावर विश्वास बसला, आणि खरं बोलायला आला तर ते आईला सांत्वन वाटलं. मी त्याला दारात गाठलं. जे जे तोंडाला आलं ते बोलले. तो म्हणाला, "आक्का, मोकळा शेवट लोकांना झेपत न्हाई. लोक नाराज होऊन जायले होते."

"आम्ही नाराज होऊनच जगायलोत ना? आम्हाला झेपत होतं ना? तुला नाही झेपलं. बक्षिसासाठी तू त्याला मारलास."

"मी काढून टाकतो तो शेवट."

"काढ. आत्ता काढ."

तेव्हा त्यानं सांगितलं, की फिल्म शेठच्या चॅनलवर टाकली आहे, शेवटचा तुकडा वेगळा कापून मोबाईलवर फिरतोय, लाखो लोकांनी बघितलाय. आता ते त्याच्या हातात नाही. आणि हे सांगताना, मी डोळ्यांनी बघितलं, 'लाखो' म्हणताना त्याचा चेहरा क्षणभर उजळला.

पुढच्या रविवारी आईनं सिद्धोधनचं पुण्यानुमोदन ठेवलं, गेलेल्या माणसामागं आमच्यात करतात ते. भंतेजी आले. पांढऱ्या साड्या नेसून बायका बसल्या. देह नाही, तारीख नाही, जागा नाही, आणि तरी कार्यक्रम कसा अगदी रीतसर झाला. गाव येऊन गेलं. सगळ्यांचे चेहरे मोकळे होते, एखादं अडून राहिलेलं काम उरकल्यासारखे. दगडाबाई आत्या हार घेऊन उभी राहिली, आईकडं बघत. आईनं मान हलवली. आत्यानं हार घातला. मी उठून बाहेर शेळीजवळ जाऊन उभी राहिले आणि आत चाललेली त्रिसरण-पंचशीलाची लय ऐकत राहिले. एरवी ती ऐकली की मला शांत वाटतं. त्या दिवशी सगळ्यांची तोंडं धरून गप्प करावीत असं वाटत होतं.

आईला आता झोप लागते. हे मी लपवत नाही. पहाटेपर्यंत लागते, कूस न बदलता. दगडाबाई आत्या येते, दोघी पापड लाटतात. लोक मला म्हणतात, बघ, सुटली बिचारी. आणि मला राग येतो. आईला झोप लागते याचा राग येणारी मुलगी कशी असेल, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. तिला खरं कळून झोप लागली असती तर मी पाय चेपत बसले असते. तिला खरं कळलेलं नाही, तिला फक्त शेवट मिळालाय. आणि आता वाट बघायला घरात मी एकटी उरले आहे.

परवा दत्ताचा फोन आला. तो अजून अपराधी वाटून घेतो, कुठंही गेला तरी नजर फिरवत असतो. म्हणाला, "आक्का, गंगाखेडला कामाला आलोय. बसस्टँडसमोर एका हॉटेलाजवळ गर्दीत एक जण दिसला, पाठमोरा. चाल शेम सिद्ध्याची. मी रस्ता वलांडेपर्यंत गेला कुठंतरी."

मी आईला सांगितलं. ती पापडाचं पीठ कुटत होती. पूर्वी अशा वेळी तिनं मुसळ तिथंच टाकलं असतं आणि पिशवी उचलली असती. तिनं दोन घाव आणखी घातले.

"असंल कुणीतरी," म्हणाली. "तुला जायचं आसंल तर जा. येताना पापडखार आण."

मी गेले. परभणीहून बसनं, उभ्यानं. गंगाखेडच्या बसस्टँडसमोर दत्तानं सांगितलेलं हॉटेल सापडलं. पत्र्याचं, पुढं भज्यांची कढई, कढईमागं एक गोल चेहऱ्याचा, पोट सुटलेला मालक. मी मोबाईलमधला सिद्धोधनचा फोटो काढला. साधा, हार नसलेला, एका लग्नात मी स्वतः काढलेला. त्याच्यापुढं धरला.

"भाऊ, असा माणूस इथं येतो का?"

त्यानं हात फडक्याला पुसले. मोबाईल जवळ घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला. आणि त्याचा चेहरा एकदम हळवा झाला.

"ह्यो? ह्यो तर वारलाय की ताई. आमी बघितलंय मोबाईलवर. ती माय दारात तुरी निवडायलेली आसती आन् पोलीस येतो. माझी बायको लय रडली बघा."

"तो माझा भाऊ आहे," मी म्हटलं. "ती फिल्म आहे. तो शेवट खोटा आहे, नंतर जोडलेला. आम्हाला माहीत नाही तो कुठं आहे."

त्यानं फोटो पुन्हा बघितला. मग विचारात पडल्यासारखा म्हणाला, "एक पोरगं येत व्हतं हितं. मधून मधून. चार-सहा दिवस झाडलोट केली, भांडी घासली. मला वाटलं व्हतं, ह्याला कुठंतरी बघितलंय. मग ध्यानात आलं, त्या फिल्ममधल्यावाणी दिसायलंय. म्हटलं, त्यो तर मेलाय. म्हणून इचारलं न्हाई."

"नाव काय सांगितलं त्यानं?"

"नाव कोण इचारतंय ताई."

"कुठं गेला?"

"गेला कुठंतरी. मी ध्यान दिलं न्हाई."

मी ओरडले असेन. कारण भजी खाणारी माणसं वळून बघायला लागली. मी त्याला पुन्हा सांगितलं की माझा भाऊ मेलेला नाही, मेल्याचं कुणालाच माहीत नाही, ते पोरगं पुन्हा आलं तर थांबवून ठेवा, माझा नंबर घ्या. त्यानं नंबर घेतला नाही. बाकड्यावरचं पाणी पुसून मला बसवलं, चहाचा पेला हातात दिला, आणि येड्या माणसाशी बोलतात तशा मऊ आवाजात म्हणाला,

"ताई, तुमी शेवटपर्यंत बघितली न्हाई वाटतं."